विट्यात दोन गुंठे नोटरीवर घेतलेत, घरकुल मिळेल का?

विट्याहून एका दादांनी विचारलंय. ते यंत्रमागावर कामाला आहेत, महिन्याला चौदा हजार मिळतात. वहिनी घरी शिलाई करतात, त्यांचे दोन-तीन हजार. दोन लेकरं. सात वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. गाव खानापूर तालुक्यातच. तिथं वडिलांचं माळवदाचं घर आहे आणि त्यात तीन भावांचा वाटा. २०१९ मध्ये विट्याच्या कडेला दोन गुंठे जागा घेतली, पण खरेदीखत झालेलं नाही, स्टँपवर लिहून नोटरी केलीय. आता कुणीतरी भेटला, म्हणाला पाच हजार द्या, अडीच लाखाचं घरकुल मंजूर करून आणतो. दादांनी त्यातले दोन हजार देऊनही टाकलेत. विचारतात, काका, घरकुल मिळेल का आणि अर्ज नेमका कुठं करायचा?

मी सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या बांधकाम विभागात सव्वीस वर्षं काढली. शेवटची सहा-सात वर्षं माझ्या टेबलावर घरकुलाच्याच फायली जास्त होत्या. आता निवृत्त आहे, तरी लोक पिशवीत कागद घेऊन घरी येतात. बायको चहा टाकते, मी चष्मा शोधतो.

दादा, सरळ सांगतो. उत्पन्नात तुम्ही बसता. कुटुंबाच्या अटीतही बहुतेक बसाल. अडकणार आहात ते जागेत. अर्ज भरणं हे या सगळ्यातलं सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम आहे. लोक उलट्या बाजूनं सुरुवात करतात, आधी अर्ज भरतात आणि जागेचे कागद नंतर बघू म्हणतात. नंतर म्हणजे फाईल परत आल्यावर.

तेव्हा पहिला प्रश्न, ती जागा कुणाच्या हद्दीत आहे? 'विट्याच्या कडेला' असं तुम्ही लिहिलंय, तिथंच मला शंका आली. घरकुलाच्या दोन वेगळ्या गाड्या आहेत. शहरी प्रधानमंत्री आवास योजना २०१५ ला निघाली, तिचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून चालू आहे. त्यात स्वतःच्या जागेवर घर बांधायला अडीच लाख मिळतात, केंद्राचे दीड आणि राज्याचा एक. ग्रामीण योजना २०१६ ला जुन्या इंदिरा आवासच्या जागी आली. तिच्यात सपाटीच्या भागात १ लाख २० हजार, वर रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे वेगळे १२ हजार. २०२५ मध्ये राज्यानं त्यात आणखी ५० हजारांची भर घातली, पैकी १५ हजार छतावरच्या सौरसंचासाठी आहेत. दोन्हींचे अर्ज वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, यादी करायची रीतही वेगळी. जागा नगरपरिषदेच्या हद्दीत असेल तर पालिका, चार पावलं पलीकडं असेल तर ग्रामपंचायत आणि पंचायत समिती. रस्त्याच्या अल्याड अडीच लाख, पल्याड दुसराच हिशेब. सातारकरांना हे वेगळं सांगायला नको. २०२० ला तिथं पालिकेची हद्दवाढ झाली, शाहूपुरी आणि विलासपूर आत आले. अशा ठिकाणी ग्रामपंचायतीच्या जुन्या यादीवर विसंबून चालत नाही.

बघायचं कसं? घर असतं तर घरपट्टीची पावती कोण फाडतं त्यावरून कळलं असतं. तुमचा मोकळा प्लॉट आहे, म्हणून गट नंबर घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जा आणि झोन दाखला मागा. हद्द तर कळेलच, शिवाय जागा रहिवास विभागात आहे की शेती विभागात आणि तिच्यावरून एखादा आराखड्यातला रस्ता किंवा आरक्षण जातंय का, तेही कळेल. अर्धा गुंठा रस्त्यात जाणार हे प्लॉट विकणारा कधीच सांगत नाही.

आता नोटरी. यावर जरा थांबतो, कारण सांगली जिल्ह्यात हा रोग फार जुना आहे. खुद्द सांगली-मिरज-कुपवाडला 'गुंठेवारी', म्हणजे शेतजमीन गुंठ्यागुंठ्यानं तोडून विकणं, हा शब्द शाळकरी पोरालाही माहीत असतो.

नोटरीनं काय पाहिलं? तुम्ही आणि विकणारा दोघं समोर होतात आणि सह्या तुमच्याच आहेत, एवढंच. जागा तुमच्या नावावर झाली असं त्यात कुठंच येत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानं शंभर रुपये आणि त्यावरच्या किमतीची स्थावर मिळकत विकायची तर दस्त दुय्यम निबंधकाकडं नोंदवावाच लागतो. तुमच्या कागदावरचा स्टँप पाचशेचा असो नाहीतर हजाराचा, सातबाऱ्यावर आजही त्या शेतकऱ्याचंच नाव आहे. उद्या तो वारला तर त्याच्या पोरांची नावं लागतील. आणि 'आमच्या बापानं काय लिहून दिलं आम्हाला माहीत नाही' हे वाक्य मी एवढ्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

खरेदीखत तेव्हाच का केलं नाही, असं मी तुम्हाला विचारणार नाही. कारण मला माहीत आहे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. शेतजमिनीचा गुंठा-दोन गुंठ्यांचा तुकडा निबंधक नोंदवून घेत नव्हता, म्हणून लोक नोटरीवर भागवायचे. विकणाऱ्याला पैसे हवे असायचे, घेणाऱ्याला छप्पर. सरकारलाही हे दिसत होतंच, म्हणून २००१ ला गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला. २०२१ च्या दुरुस्तीनं त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला लागू झाली. तुमचा व्यवहार २०१९ चा, म्हणजे तारखेच्या आत. शिवाय २०२५ मध्ये तुकडेबंदी कायद्यातही शहरी भागातल्या लहान तुकड्यांसाठी मोकळीक देणारे बदल झालेत. थोडक्यात, दार बंद नाही. पण ते तुम्हालाच ढकलावं लागेल, एजंट ढकलणार नाही.

काय करायचं ते सांगतो. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन काढा, पंधरा रुपये लागतात. त्यात चार जागा नीट वाचा. एक, कब्जेदारांची नावं. विकणारा एकटाच आहे की भाऊ-बहिणी सामाईक आहेत? सामाईक असतील आणि तुमच्या कागदावर एकट्याचीच सही असेल तर बाकीच्यांची संमती लागणार. दोन, भोगवटादार वर्ग. वर्ग १ असेल तर बरं. वर्ग २ असेल किंवा देवस्थान इनाम असा शेरा असेल, तर ताबडतोब थांबा आणि वकील गाठा. अशा जमिनी परवानगीशिवाय हस्तांतर होत नाहीत, देवस्थानच्या तर जवळजवळ होतच नाहीत. तीन, 'इतर हक्क' या रकान्यात विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का. चार, एकूण क्षेत्र. एका एकरात चाळीस गुंठे असतात, पण मी एका गटातून सत्तेचाळीस गुंठे विकलेले पाहिलेत. शेवटच्या सात जणांनी हवा विकत घेतली होती.

हे स्वच्छ निघालं की त्या शेतकऱ्याला गाठा. गोडीनं गाठा. जागेचा भाव २०१९ पासून वाढलाय हे त्यालाही कळतं, थोडेफार वर मागेल. मग पालिकेच्या नगररचना विभागात गुंठेवारी नियमितीकरणाचं विचारा, कोणता पुरावा धरतात, शुल्क किती बसेल. मोजणी करून घ्या. त्यानंतर नोंदणीकृत खरेदीखत आणि मग फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव लावणं. खरेदीखत वहिनींच्या एकट्याच्या नावानं करता आलं तर उत्तम. आवास योजनेत घर कुटुंबातल्या बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे असावं असाच नियम आहे. शिवाय २०२१ पासून राज्यात बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. ती घराला आहे, मोकळ्या प्लॉटला लागू होते का ते निबंधक कार्यालयात विचारून घ्या.

घरपट्टीच्या उताऱ्याबद्दल एक शब्द. लोक तो मालकीचा पुरावा म्हणून आणतात. तो कराचा कागद आहे, पालिका भाडेकरूच्या नावानंही कर लावते. मालकी सातबाऱ्यावर किंवा सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर. गावठाणातल्या घरांना पूर्वी असा कागदच नव्हता. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन आता मिळकत पत्रिका मिळू लागल्यात. तुमच्या गावातली आली असेल तर काढून घ्याच, पुढं कारण सांगतो.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. माझ्या चुलत भावाचा घरकुलाचा अर्ज मीच भरला होता. रोज दुसऱ्यांच्या फायलीत त्रुटी काढणारा माणूस मी. मिळकत पत्रिकेवर आजोबांचं नाव होतं. आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली. मला वाटलं, घर आपलंच, सगळा गाव ओळखतो, वारस नोंद काय नंतर लावू. फाईल छाननीत परत. वारस नोंद लावायला घेतली तर तीन आत्या निघाल्या, त्यातली एक पुण्याला. हक्कसोडपत्रावर तिची सही हवी, ती म्हणाली दिवाळीला येईन. दिवाळीला आली, पण तेव्हा निबंधक कार्यालय सुट्टीवर. सगळं जुळेपर्यंत आमच्या शहराचा तो प्रस्ताव वर जाऊन मंजूरही झाला, भाऊ पुढच्या खेपेला. वर्षभर माझ्याशी धड बोलत नव्हता, आणि त्याचं बरोबरच होतं.

यावरून यंत्रणा कशी चालते तेही कळेल. शहरात तुमचा अर्ज एकट्यानं मंजूर होत नाही. पालिका पात्र अर्ज गोळा करते, जागा पाहते, सगळ्यांचा मिळून एक प्रकल्प अहवाल करते. कचेरीत सगळे त्याला डीपीआर म्हणतात. तो म्हाडामार्फत राज्याच्या समितीकडं आणि तिथून दिल्लीला केंद्राच्या समितीकडं जातो. मंजुरी येते ती अख्ख्या यादीला. म्हणून 'माझा अर्ज कुठं अडकलाय' असं विचारू नका, 'माझं नाव कितव्या डीपीआरमध्ये आहे आणि तो कुठवर गेलाय' असं विचारा. समोरचा माणूस लगेच सरळ बसतो, कारण माहितगार माणूस आलाय हे त्याला कळतं.

कुटुंब आणि उत्पन्नाच्या अटी सोप्या आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट. तुम्हा दोघांचं मिळून दोन लाखांच्या आसपास होतं, प्रश्नच नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सेतूतून काढा. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. या कुटुंबातल्या कुणाच्याही नावे देशात कुठंही पक्कं घर नसावं आणि गेल्या वीस वर्षांत कुठल्याही सरकारी घरकुलाचा लाभ घेतलेला नसावा. वडिलांना पूर्वी इंदिरा आवास मिळालं असेल तर तो त्यांच्या कुटुंबाचा लाभ, लग्न होऊन वेगळे झालेल्या मुलाच्या आड तो सहसा येत नाही, तरी पालिकेत विचारून घ्या.

गावच्या घराचं काय? माळवद म्हणजे मातीच्या भिंती आणि वर मातीचा धाबा असेल तर ते पक्कं घर धरलं जात नाही. पण मधल्या काळात एखाद्या भावानं पुढच्या सोप्यावर स्लॅब टाकला असेल आणि उताऱ्यावर तुमचंही नाव असेल, तर प्रश्न विचारला जाईल. म्हणून म्हटलं, मिळकत पत्रिका काढून बघा. तिच्यावर काय लिहिलंय ते छाननी करणाऱ्याच्या आधी तुम्हाला माहीत पाहिजे. खोटं प्रतिज्ञापत्र मात्र करू नका. आता सगळं आधारला जोडलेलं आहे.

अर्ज स्वतः मोबाईलवर केंद्राच्या आवास पोर्टलवरून भरता येतो, नाहीतर पालिकेच्या आवास कक्षात किंवा सेवा केंद्रात. लागणारे कागद म्हणजे घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं, आधारला जोडलेलं चालू बँक खातं, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि जागेचे कागद. यादी लहान आहे. फसगत होते ती नावात. मागच्या उन्हाळ्यात एक बाई आल्या होत्या, वाटिकेतल्या फुलांची परडी ठेवावी तशी कागदांची पिशवी माझ्यासमोर ठेवली, एकूणएक कागद प्लास्टिकच्या पाकिटात. सगळं चोख. पण आधारवर नवऱ्याचं नाव 'रामचंद्र', पासबुकात 'रामू' आणि सातबाऱ्यावर नुसतं 'रा.' तिघं एकच, पण कॉम्प्युटरला ते तीन नवरे. अर्जाआधी आधार दुरुस्त करून घ्या, आणि बाकीचे सगळे कागद आधारबरहुकूम. तसंच जनधनचं खातं उघडून दोन वर्षं हात लावला नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असतं. बँकेत ओळखीचे कागद (केवायसी) देऊन ते जिवंत करा. मंजूर हप्ता खात्यावरून परत गेला की तो पुन्हा आणायला अर्जापेक्षा जास्त चपला झिजतात.

तुम्ही अनुसूचित जातीचे किंवा नवबौद्ध असाल तर रमाई आवास वेगळी आहे, आदिवासींना शबरी, भटक्या-विमुक्तांना यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही, म्हणून एवढंच. पालिकेत दोन्हींबद्दल एकदमच विचारा, लाभ मात्र एकाचाच.

समजा मंजुरी आली. अडीच लाखांत घर होत नाही, हे आत्ताच डोक्यात पक्कं करा. शहरी योजनेत घराचं चटईक्षेत्र ३० ते ४५ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३२० ते ४८५ चौरस फूट. आपल्याकडं साध्या बांधकामाला आज चौरस फुटाला सतराशे-अठराशे रुपये सहज लागतात. लहानातलं लहान घर म्हटलं तरी सहा-सात लाखांच्या घरात. म्हणजे चार लाख तुमचे. तुमच्याकडं दोन गुंठे, म्हणजे २१७८ चौरस फूट, आहेत. म्हणून मोठा पाया घ्यायचा मोह होईल. 'पुढं वाढवायला बरं पडंल' असं गवंडीच सांगतो. त्या मोहात कितीतरी घरं जोत्यावर थांबलेली मी पाहिलीत. पावसाळे जातात, सळ्या गंजतात, आत शेळ्या बांधलेल्या असतात. मंजूर नकाशाएवढंच बांधा.

पैसे हप्त्यानं आणि कामाच्या टप्प्यावर येतात. इंजिनियर मोबाईल घेऊन जागेवर येतो, जिओटॅग फोटो काढतो. पहिला फोटो मोकळ्या जागेचा असतो, त्यात लाभार्थी उभा करतात. म्हणून मंजुरीआधी एक दगडही रचू नका. मग जोतं, मग लिंटल, मग स्लॅब, मग रंगरंगोटी झालेलं घर. सरकारी पैसा कामाच्या मागून चालतो, पुढून नाही. जोत्याचे सिमेंट, खडी, मजुरी आधी तुमच्या खिशातून जाणार. स्लॅबच्या दिवशी मिक्सरवाला रोख मागतो, तेव्हा हप्ता वाटेत असतो. हातात निदान दीड लाख खेळते ठेवूनच सुरुवात करा, मग ते भिशीचे असोत, पतसंस्थेचे असोत नाहीतर मेव्हण्याचे. सावकाराचे नकोत. आणि वाळू. घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत द्यायचं सरकारचं धोरण आहे, मंजुरीचं पत्र घेऊन तहसीलला त्याचा अर्ज द्या. वाहतूक तुमची.

ज्यांची जागा नदीकाठी आहे त्यांना एक वेगळी सूचना, दादा तुम्ही हे सोडून द्या. विट्याला पुराचं भय नाही, असलं तर पाण्याच्या टँकरचं. पण सांगली, वाई अशा ठिकाणी प्लॉट निळ्या पूररेषेच्या आत असेल तर बांधकाम परवानगीच मिळत नाही, मग घरकुल कुठलं? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. स्वस्तातला प्लॉट स्वस्त का आहे, ते त्या आठवड्यात पुष्कळांना कळलं.

आता, समजा तो शेतकरी नाहीच म्हणाला, किंवा जमीन वर्ग २ निघाली. तर जागेचं भांडण वकिलाकडं द्या आणि घराचा दुसरा मार्ग धरा.

तो म्हणजे म्हाडा. म्हाडा म्हणजे मुंबई, अशी आपल्याकडं समजूत आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर हे जिल्हे म्हाडाच्या पुणे मंडळात येतात आणि त्याच्या सोडतीत आपल्या जिल्ह्यांतले फ्लॅटही असतात. जाहिरात पुण्याच्या नावानं येते, म्हणून आपले लोक ती वाचतच नाहीत. सोडतीत न गेलेली घरं 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' या योजनेत मिळतात. तिथं नशिबाचा भाग नाही, जो आधी पैसे भरेल त्याचं घर. आपल्याकडच्या घरांवर नजर ठेवायची ती इथं. उत्पन्नाची मर्यादाही आवासपेक्षा सैल आहे, आपल्यासारख्या भागात अत्यल्प गटाला वर्षाला साडेचार लाख आणि अल्प गटाला साडेसात लाख, नवरा-बायकोचं मिळून. माजी सैनिकांना वेगळं आरक्षण आहे. सातारा जिल्ह्यात अपशिंग्यासारखी घरटी फौजी असलेली गावं आहेत, त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला आधीच काढून ठेवावा.

म्हाडाची मेख अधिवास दाखल्यात आहे. महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. तुम्हाला अडचण नाही. पण तुमच्याच तालुक्यातले गलाईवाले आठवा. सोन्या-चांदीच्या गलाईला कुणी कोईमतूरला, कुणी केरळात, पोरांच्या शाळा तिकडच्या, रेशनकार्ड इकडचं. गावी परत येऊन घर घ्यायचं म्हटलं की हा दाखला आडवा येतो. तुमचा कुणी भाऊ तसा बाहेर असेल तर त्याला आत्ताच सांगा, गावच्या मतदार यादीतलं नाव आणि जुने शाळेचे दाखले जपून ठेव.

दुसरं, गृहकर्ज काढून तयार घर घेतलं तर आवासच्या दुसऱ्या टप्प्यात व्याजात सवलत आहे. घर ३५ लाखांपर्यंतचं, कर्ज २५ लाखांपर्यंतचं, त्यातल्या पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यावर जमा. नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ती चालते. पण चौदा हजार पगारावर, तोही मालक रोखीनं देत असेल तर, बँक किती कर्ज देईल ते तुम्हीच बघा.

तिसरं म्हणजे गाव. तिथल्या वाट्यात वाटणी करून जागा तुमच्या नावावर होत असेल तर ग्रामीण घरकुल. तिथं मनात आलं म्हणून अर्ज करता येत नाही. सर्वेक्षणातून यादी बनते, ग्रामसभेत वाचली जाते. २०१८ ला एक सर्वेक्षण झालं, २०२५ मध्ये दुसरं. ग्रामपंचायतीत जाऊन दोन्ही यादींत वडिलांचं, भावांचं, तुमचं नाव आहे का बघा. पहिला हप्ता पंधरा हजारांचा येतो. पण तुमचा माग विट्यात, लेकरांची शाळा विट्यात. गावी घर बांधून शहरात भाडं भरत राहणार असाल तर मी त्या वाटेला जाऊ नका म्हणेन. एकदा गावी लाभ घेतला की शहरातला वीस वर्षं गेला.

राहिला एजंट. मंजुरी कुणी एकटा माणूस देत नाही हे वर सांगितलंच. मग तो काय विकतोय? तुमचा अर्ज पोर्टलवर भरतोय, जो फुकट आहे, आणि त्याची पोच तुम्हाला मंजुरी म्हणून दाखवणार आहे. तुमच्या नोटरीच्या कागदावर त्यानं 'चालतंय की' म्हटलं ना? तिथंच ओळखा. त्याच्याकडून आधी अर्ज क्रमांक आणि कुठला मोबाईल नंबर टाकलाय ते काढून घ्या. स्वतःचाच नंबर टाकला असेल तर ओटीपी त्यालाच जाणार आणि पुढं प्रत्येक दुरुस्तीला तुम्ही त्याच्या दारात. बाकीचे तीन हजार देऊ नका. दिलेले दोन परत मागा, चार लोकांसमोर मागितले तर बरेचदा मिळतात.

सोमवारी एक खाडा करा. सकाळी सातबारा काढा, मग पालिकेत झोन दाखल्याचा अर्ज देऊन पोच घ्या, दुपारी सेतूत उत्पन्नाच्या दाखल्याचं बघा. संध्याकाळी त्या शेतकऱ्याच्या घरी जा, वहिनींना बरोबर घेऊन जा, आणि नोटरीच्या कागदाची झेरॉक्स न्या. मूळ कागद घरीच ठेवा.